आमच्या वाडीचं पाणी कुठल्या पानावर आहे?

२६ जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना खाऊ वाटून झाला आणि शाळेच्या पडवीत सभा बसली. भाऊसाहेबांनी नमुना १ वाचायला घेतला. ग्रामसेवक हे पद आता कागदावर ग्रामपंचायत अधिकारी झालंय, पण आमच्याकडे ते भाऊसाहेबच. नमुना १ म्हणजे ग्रामपंचायतीचं अंदाजपत्रक. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, वित्त आयोग बंधित, वित्त आयोग अबंधित, मुद्रांक शुल्क अनुदान. पाचेक मिनिटांत जमा संपली, खर्चही संपला. "मंजूर, मंजूर" सुरू होणार तेवढ्यात मागच्या रांगेतली वरच्या वाडीची एक काकी उभी राहिली.

"भाऊसाहेब, आमच्या वाडीचा पानी कुठल्या पानावर लिवलाय, ता दाखवा."

भाऊसाहेब भला माणूस. त्यांनी खरं ते सांगितलं. "काकी, ते आपल्या बजेटात नाही. टँकर तहसीलमधून येतो, नळयोजना जिल्हा परिषदेची. वरून पैसे आले की होईल."

काकी खाली बसली आणि अंदाजपत्रक मंजूर झालं. मला मात्र तिचा प्रश्न अजून सोडत नाही. वरच्या वाडीत चौतीस उंबरे आहेत. पावसाळ्यात तिथे इतका पाऊस पडतो की घरात ठेवलेल्या कपड्यांना बुरशी धरते. पण खाली सगळा जांभा, पाणी धरून ठेवणारा नव्हे. शिमगा झाला की विहिरीचा तळ दिसायला लागतो. मग बायका पहाटे चारला कळश्या घेऊन पऱ्यातल्या, म्हणजे ओढ्यातल्या, झऱ्यावर जातात, करवंटीने पाणी भरतात. एक कळशी भरायला वीस मिनिटं. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, आणि तरीही दर उन्हाळ्यात जिल्ह्याचा टंचाई आराखडा तयार होतो. दरवर्षी त्याच वाड्या, तोच महिना, तोच टँकर. जी गोष्ट दरवर्षी ठरल्या वेळी येते, तिला आकस्मिक खर्चात टाकणं हा हिशेबाचा दोष आहे, आणि तो दोष आपण चालवून घेतो. टँकरला पैसा मिळतो. विहीर खोल करायला, वरच्या अंगाला बंधारा घालायला, साठवणटाकी बांधायला मिळत नाही.

सांगायचं आहे ते एवढंच. ज्या हक्काला अंदाजपत्रकात ओळ नाही, तो हक्क भाषणात उरतो. कोकणातली पाण्याची, दवाखान्याची, शाळेची दुखणी नीट पाहिली, तर त्यांची मुळं पैसा कसा गोळा होतो, कशाच्या मापाने वाटला जातो आणि मार्चअखेर कुठे वळतो, यात सापडतात.

हा विचार कोकणाला परका नाही. महाडचं चवदार तळं सगळ्यांना ठाऊक आहे. त्या सत्याग्रहामागचा सरकारी कागद मात्र फारसा आठवला जात नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशातून बांधलेले, चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच सरकारी शाळा, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्य मानलेल्या सर्वांना खुले असावेत, असा तो ठराव. महाड नगरपालिकेने पुढच्या वर्षी तळं कागदोपत्री खुलं केलं, आणि २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या माणसांसह त्या तळ्याचं पाणी प्रत्यक्ष ओंजळीत घेतलं. त्या ठरावातलं 'सार्वजनिक पैसा' हे शब्द मला फार मोलाचे वाटतात. पैसा सगळ्यांचा, म्हणून पाणीही सगळ्यांचं. बाबासाहेबांचा अभ्यासाचा विषयही, लक्षात घ्या, प्रांतांचं वित्त हाच होता. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ सालचा. त्यांचं मूळ गाव आंबडवे, तालुका मंडणगड. त्याच मंडणगडात आजही मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वाड्या आहेत.

आता कोणी म्हणेल, इच्छा सगळ्यांचीच असते, सरकारकडे पैसा नको का? या प्रश्नाचं उत्तर कायद्याने केव्हाच दिलंय. राज्यघटनेतली मार्गदर्शक तत्त्वं कोर्टात मागता येत नाहीत हे खरं, पण त्यांच्याच कलम ३७ मध्ये ती देशाच्या कारभाराचा पाया असल्याचं लिहिलं आहे. आर्थिक, सामाजिक व सांस्कृतिक हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात भारत १९७९ मध्ये सामील झाला. हे हक्क पुरे करण्यासाठी हाताशी असलेली साधनं जास्तीत जास्त वापरायची, असं बंधन तो करार घालतो. १९८० मध्ये रतलाम नगरपालिकेने गटारं आणि शौचालयं बांधायला पैसा नाही अशी सबब सर्वोच्च न्यायालयात सांगितली. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती मानली नाही. १९९६ मध्ये पश्चिम बंगालमधल्या एका शेतमजुराचा खटला आला. आगगाडीतून पडून डोक्याला मार लागलेल्या त्या माणसाला एकामागून एक सरकारी इस्पितळांनी परत पाठवलं होतं. आर्थिक अडचण दाखवून सरकारला लोकांचे प्राण वाचवण्याची जबाबदारी टाळता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा सांगितलं. तेव्हा 'पैसा नाही' हे उत्तर पुरेसं नाही. पैसा कुठे आहे आणि कुणाच्या आधी कुणाला मिळाला, हे दाखवावं लागतं.

कोकणात खरी मेख आहे ती मापात. सरकारी पैसा बहुतेक ठिकाणी डोकी मोजून येतो. प्राथमिक आरोग्य केंद्र सपाट प्रदेशात ३० हजार लोकांमागे एक, डोंगरी भागात २० हजारांमागे एक. उपकेंद्र पाच हजारांमागे, डोंगरात तीन हजारांमागे. शाळेतले शिक्षक पटावर. आणि आमच्याकडची डोकी कमी होतायत. २००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर आला. माणसं उतरली, पण वाड्या उतरल्या नाहीत. डोंगराच्या या कुशीत सहा घरं, त्या कुशीत अकरा, मध्ये पऱ्या आणि त्यावर साकव. पाइपलाइनची लांबी माणसं मोजून ठरत नाही, चढ-उतार मोजून ठरते.

गेलेली माणसं गेली कुठे? विरार, नालासोपारा, दिवा. त्यांची गणना तिकडे होते, आणि त्यांच्या कष्टातून उभा राहणारा कर तिकडच्या आकड्यात दिसतो. आजारपण आणि म्हातारपण मात्र गावाला येतं. २०२० च्या टाळेबंदीत चाकरमानी हजारोंनी परत आले, तेव्हा शाळांच्या खोल्यांत त्यांच्या विलगीकरणाची सोय लावली ती इथल्या ग्रामपंचायतींनी. त्या वेळी कुणी विचारलं नाही की या माणसांचा निधी कुठल्या जिल्ह्याच्या नावावर आहे. लोकसंख्येवर बेतलेलं सूत्र मुंबईला लागू पडत असेल. ज्या प्रदेशाने शंभर-दीडशे वर्षं मुंबईला माणूस पुरवला, त्याला ते दोनदा लुटतं.

हे माप माणसाच्या अंगावर कसं येतं, ते मी जवळून पाहिलंय. दोन वर्षांपूर्वी, आषाढात, रात्री अकराच्या सुमाराला शेजारच्या सुनेच्या पोटात कळा सुरू झाल्या. वाडीपासून डांबरी रस्ता पाऊण तासावर. खुर्चीला दोन बांबू बांधले, चौघांनी खांद्यावर घेतलं, वरून इरलं धरलं. पुढे दोघे बॅटरी दाखवत. मी मागे होतो, माझ्या हातात तिचं गाठोडं. साकवावर पाणी चढलेलं, तिथे थांबून थांबून पावलं टाकली. १०८ ची गाडी रस्त्यावर उभी होती, त्या ड्रायव्हरचे उपकार विसरणार नाही. आरोग्य केंद्रात नर्स होती, डॉक्टरची जागा रिकामी. पुढच्या रुग्णालयात डॉक्टर होते, भूलतज्ज्ञ नव्हते. "पुढे न्या." शेवटी खासगी दवाखान्यात पहाटे मुलगी झाली, दोघी सुखरूप. बिल भागवायला सासूने हातातल्या पाटल्या गहाण टाकल्या.

यात कुणा एका डॉक्टरचा किंवा नर्सचा दोष मी मानत नाही. त्या नर्सने आपला स्वेटर काढून तिच्या अंगावर घातला होता. रिकामी जागा ही अंदाजपत्रकातली बचत असते. पगाराची ती रक्कम सरकारी तिजोरीत शिल्लक राहिली, आणि एका म्हातारीच्या पाटल्यांतून वसूल झाली. याला मी करच म्हणतो, आणि तो सगळ्यात गरीब घरावर बसतो. राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकाच्या आठ टक्क्यांहून जास्त पैसा आरोग्यावर खर्च करावा, असं २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात आहे, आणि त्यासाठी २०२० सालची मुदत होती. महाराष्ट्र अजून त्याच्या बराच खाली आहे. दोडामार्ग-सावंतवाडीकडची माणसं तर पिढ्यान् पिढ्या उपचारांसाठी बांबोळीला, गोव्याच्या सरकारी इस्पितळात जात आली. २०१८ मध्ये गोव्याने परराज्यातल्या रुग्णांना शुल्क लावलं, तेव्हा आपल्या जिल्ह्याचा आरोग्याचा भार दुसऱ्या राज्याच्या अंदाजपत्रकावर चालला होता, हे उघडं पडलं.

माप बदलता येतं, याचा पुरावाही कोकणातच आहे. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन, मुरूड, दापोलीवरून गेलं. फळबागांना हेक्टरी ५० हजार रुपये भरपाई जाहीर झाली. ऐकायला रक्कम मोठी. पण इथली माड-पोफळीची वाडी हेक्टरात नसतेच, गुंठ्यात असते. पाच गुंठ्यांच्या वाडीला त्या हिशेबाने अडीच हजार. लोकांनी आवाज उठवला, आणि सरकारने झाडं मोजायचं मान्य केलं. माडाला २५० रुपये, पोफळीला ५०. आता त्याच पाच गुंठ्यांत साठ पोफळी आणि आठ माड आडवे झाले असतील तर होतात पाच हजार. बरोबर दुप्पट. ही रक्कमही तुटपुंजीच, पोफळ लावून हाताशी यायला पाच-सहा वर्षं जातात. पण हेक्टरची पट्टी बाजूला ठेवून झाड मोजलं, एवढ्यानेच वाडीवाल्याच्या पदरात दुप्पट पडलं. कायदा बदलला नाही, नवा कर लागला नाही. मग पाणी, दवाखाना आणि शाळेचा निधी वाडी मोजून का देता येऊ नये? लोकसंख्येबरोबर वाड्यांची संख्या, चढ, रस्त्यापासूनचं अंतर आणि वयस्कर माणसांचं प्रमाण धरून सूत्र बांधता येतं. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या मुलाला एक किलोमीटरच्या आत शाळा सांगितलीय, म्हणजे अंतर हे माप कायद्याने मान्य केलेलं आहे. वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याचे बेत आखताना ते सोयीने विसरलं जातं.

पैसा उभा करण्याचं म्हणाल, तर इथेही महाराष्ट्राने एकदा देशाला वाट दाखवली होती. १९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांचं ते स्वप्न. कामाचा हक्क द्यायचा तर पैसा हवा, म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या पगारदाराने दिलेल्या कराएवढीच भर सरकारने घालायची आणि खेड्यातल्या मजुराला काम द्यायचं. १९७७ मध्ये कायदा झाला. हक्क आणि त्याचा पैसा एकाच वेळी, एकमेकांना बांधून जन्माला आले, म्हणून ती योजना टिकली. आज आपण हक्क जाहीर करतो आणि पैशाचं नंतर बघू म्हणतो. त्या व्यवसाय कराची घटनेतली कमाल मर्यादा १९८८ च्या दुरुस्तीने वर्षाला २५०० रुपये झाली, ती आजही तेवढीच आहे. झेडपीच्या शाळेतला शिक्षक आणि कंपनीचा कोट्यवधी पगाराचा अधिकारी, दोघेही अडीच हजारच भरतात. ही मर्यादा उठवायला घटनादुरुस्ती लागेल, आणि त्यासाठी महाराष्ट्राने दिल्लीत भांडायला हवं.

किनाऱ्यावर जमिनींचे व्यवहार जोरात आहेत. अलिबागपासून देवगडपर्यंत बंगले आणि रिसॉर्ट उभे राहतायत. मुद्रांक शुल्काबरोबर घेतला जाणारा एक टक्का अधिभार जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायतीसाठी असतो. खरेदीखत होतं त्या दिवशी तो सरकारजमा होतो, गावात मात्र केव्हा पोहोचेल याचा नेम नाही. तो थेट, तिमाहीला, गावाच्या खात्यात यावा. घरपट्टी भांडवली मूल्यावर आकारायची असते आणि दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. तरण तलावाच्या बंगल्याची नोंद घरपट्टीच्या वहीत, म्हणजे नमुना ८ मध्ये, साध्या चिरेबंदी घरासारखी राहते, तेव्हा वरच्या वाडीच्या टाकीचे पैसे तिथेच बुडतात. चाकरमान्याचं वडिलार्जित बंद घर आणि भाड्याने देण्यासाठी बांधलेला दुसरा बंगला यांत फरक करावाच लागेल. गणपतीला उघडणाऱ्या घरावर बोजा टाकावा असं मला वाटत नाही.

वरच्या पातळीवरचा कल पाहा. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरचा आयकर ३० टक्क्यांवरून २२ वर आणला, वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींच्या महसुलावर पाणी सोडलं जाईल हे तेव्हाच जाहीर केलं होतं. संपत्ती कर त्याआधीच गेला. उलट जो कर वस्तूत मिसळून येतो, तो मासेविक्री करणाऱ्या बाईला आणि हॉटेलमालकाला एकच. होडीवाल्यांना डिझेलवरच्या मूल्यवर्धित कराचा परतावा देण्याची तरतूद आहे, पण ते आधी भरतात आणि मग मच्छीमार सहकारी संस्थेत खेपा घालत थकलेल्या परताव्याची वाट बघतात. ज्यांचं व्याज महिन्याला वाढतं त्यांनी सरकारला बिनव्याजी उधार द्यायचं, असाच त्याचा अर्थ.

गुहागर तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९०२ च्या अर्थसंकल्पावर बोलताना हेच दुखणं मांडलं होतं. लोक दुष्काळाने पिचलेले असताना सरकारच्या तिजोरीत शिल्लक पडते, ती कसली समृद्धी, असा त्यांचा सवाल होता. गरिबाच्या ताटातल्या मिठावर मणाला अडीच रुपये कर होता. सरकारने १९०३ पासून तो टप्प्याटप्प्याने उतरवला आणि १९०७ मध्ये एक रुपयावर आणला. त्यांचं सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मात्र १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. पैसा कुठून आणणार, हा आक्षेप तेव्हाही होताच. शिक्षणाचा मूलभूत हक्क घटनेत आला २००२ मध्ये. नव्वद वर्षं.

राहिला खर्चाचा भाग. राज्याचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक सात लाख कोटींचं, महसुली तूट ४५ हजार कोटींहून अधिक, कर्ज नऊ लाख कोटींच्या वर. हात आखडता घ्यावा लागणार हे मी नाकारत नाही. माझं म्हणणं, तो आधी कुठे आखडायचा हे उघडपणे ठरवा. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय आणि आदिवासी विकास खात्यांचा निधी लाडकी बहीण योजनेकडे वळवला गेला, तेव्हा खुद्द सामाजिक न्यायमंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली. बहिणींच्या दीड हजाराला माझा विरोध नाही. आमच्या वाडीतल्या कितीतरी घरांत पहिल्यांदाच बाईच्या नावावर पैसा आला. पण एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्या गरिबाच्या ताटात वाढणं याला न्याय म्हणता येत नाही. आंध्र प्रदेश आणि कर्नाटकाने अनुसूचित जाती-जमातींचा निधी राखून ठेवणारे कायदे २०१३ मध्ये केले. कर्नाटकाच्या कायद्यात हा निधी इतर कामांवर वळवू देणारी कलम ७ ड ची पळवाट राहिली होती, ती २०२३ मध्ये बुजवली. महाराष्ट्रानेही असा कायदा करावा, पळवाट न ठेवता. आणि त्यात पाणी, प्राथमिक आरोग्य, शाळा हे खर्चही घालावेत. या शीर्षांमधला पैसा विधिमंडळात कारण नोंदवल्याशिवाय वळवता येऊ नये.

केरळची एक गोष्ट मला हेवा वाटावा अशी आहे. तिथे राज्याच्या अर्थसंकल्पाबरोबर 'परिशिष्ट चार' छापलं जातं. त्यात प्रत्येक ग्रामपंचायतीच्या नावापुढे तिला मिळणारा पैसा लिहिलेला असतो. १९९६ पासून योजनेच्या पैशाचा मोठा हिस्सा त्यांनी गावांकडे दिला. तिथली वस्तीही आमच्यासारखीच, किनारा आणि डोंगर, विखुरलेली घरं. तिथल्या काकीने विचारलं तर पान दाखवता येतं. आपल्याकडे जिल्ह्याचा पैसा जिल्हा नियोजन समितीत ठरतो. तिचे चार-पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत असं घटना सांगते. मार्च २०२२ मध्ये जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि मग काही वर्षं प्रशासकांचा कारभार चालला. त्या काळात वाडीचं गाऱ्हाणं त्या टेबलापर्यंत न्यायला निवडलेला माणूसच नव्हता. घरोघरी नळ देणाऱ्या 'हर घर जल' योजनेचीही मुदत २०२४ ची होती, ती आता २०२८ वर गेलीय.

त्या ग्रामसभेनंतर आम्ही चौघांनी मिळून एक काम केलं. नमुना १ ची नक्कल काढली आणि शाळेच्या फळ्याएवढ्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवला. प्रत्येक खर्चापुढे एक रकाना जास्त काढला: 'वाडी'. वित्त आयोगाच्या निधीचा साठ टक्के हिस्सा बंधित, म्हणजे पाणी आणि स्वच्छतेसाठी राखलेला होता, तो गेल्या तीन वर्षांत कुठल्या वाडीत गेला ते भाऊसाहेबांनी दप्तर काढून स्वतः सांगितलं. कागद एसटीच्या शेडमध्ये लावला. वरच्या वाडीच्या रकान्यात एक दिव्याचा खांब निघाला. आता १ मेच्या ग्रामसभेसाठी ठराव लिहिलाय. दरवर्षीचं अंदाजपत्रक वाडीवार मांडावं, टंचाई आराखड्यातल्या टँकरखर्चाइतकी रक्कम पुढची तीन वर्षं वरच्या वाडीच्या साठवणटाकीला मिळावी, आणि जिल्हा नियोजन समितीने तसं लेखी उत्तर द्यावं. सूचक म्हणून काकीचा अंगठा घेऊ का, असं भाऊसाहेबांनी विचारलं. तिने पेन मागून घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर जोडत, पूर्ण नाव लिहिलं.